बदनामी मुख्यमंत्र्यांची, बिल करदात्यांचे

पर्थमध्ये स्थायिक झालेल्या आम्हा मराठी माणसांच्या गप्पांत इथले राजकारण सहसा येत नाही. पण मार्क मॅकगोवन आणि क्लाइव्ह पामर यांचा खटला त्याला अपवाद ठरला, कारण त्यात मॅकगोवन यांच्या बाजूने आमच्या कराचा पैसा गुंतला होता. मॅकगोवन तेव्हा वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री. पामर हे अब्जाधीश खाणमालक. एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे राज्याची सीमा बंद झाली, तेव्हा पामर यांनी त्याला हायकोर्टात आव्हान दिले (इथे हायकोर्ट हेच देशातले सर्वोच्च न्यायालय) आणि ते हरले. शिवाय पिलबारातील लोहखनिज प्रकल्पावरून त्यांच्या कंपनीने राज्याकडे सुमारे ३० अब्ज डॉलरांची मागणी लावली होती. ती मोडून काढण्यासाठी सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये दोन-तीन दिवसांत खास कायदाच करून घेतला. या धुमश्चक्रीत मॅकगोवन यांनी पामर यांना ‘राज्याचा शत्रू’ म्हटले. पामर यांनी बदनामीचा दावा लावला, आणि मॅकगोवन यांनी उलट दावा ठोकला.

२ ऑगस्ट २०२२ रोजी फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती मायकल ली यांनी निकाल दिला. दोघांनीही एकमेकांची बदनामी केली असे ठरले; पामर यांना ५,००० डॉलर आणि मॅकगोवन यांना २०,००० डॉलर भरपाई मिळाली. त्या वेळच्या दराने हे अनुक्रमे पावणेतीन आणि अकरा लाख रुपयांच्या आसपास होतात, आणि नामांकित वकिलांच्या फौजेपुढे ही रक्कम म्हणजे चिल्लर. पामर यांचा आणि राज्याच्या करदात्यांचा एवढा पैसा, तसेच न्यायालयाचा वेळ यात खर्ची पडला, याबद्दल न्यायमूर्तींनी निकालपत्रात नाराजीही नोंदवली.

मंत्र्याच्या बचावाचा खर्च तिजोरीतून व्हावा, हे मला मान्य आहे. पदावर असताना, कामाच्या ओघात आणि प्रामाणिकपणे केलेल्या विधानासाठी मंत्र्याला स्वतःचे घर गहाण टाकावे लागणार असेल, तर पामर यांच्यासारख्या धनाढ्याविरुद्ध तोंड उघडायला कोण धजेल? उलट दाव्याचे मात्र तसे नाही. इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तेच तिथले सर्वोच्च न्यायालय) १९९३ मध्ये डर्बीशर कौंटी कौन्सिल या स्थानिक संस्थेच्या प्रकरणात असे ठरवले की लोकनियुक्त शासनसंस्थेला स्वतःच्या बदनामीचा दावा लावता येणार नाही, कारण तसे झाले तर नागरिकांची टीका दबेल. पुढच्याच वर्षी न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयानेही बॅलिना या नगर परिषदेबाबत तीच भूमिका घेतली. सरकारला जो दावा स्वतःच्या नावाने लावता येत नाही, तोच मंत्र्याच्या नावाने सरकारी पैशातून लढवणे म्हणजे पुढचे दार बंद झाल्यावर मागच्या दाराने आत शिरणे होय. उलट दावा हा बचावाच्या डावपेचाचाच भाग असतो, असे त्यावर वकील म्हणतील; पामर काही दुबळे टीकाकार नव्हते, हेही खरे. पण उद्या समोर एखादा छोटा वार्ताहर असला, तर हाच पायंडा त्याच्यावर उलटेल.

हे वाचताना दिल्लीचे प्रकरण अनेकांना आठवेल. डिसेंबर २०१५ मध्ये अरुण जेटलींनी अरविंद केजरीवाल यांच्यावर दहा कोटींचा दावा लावला, आणि २०१७ मध्ये केजरीवालांचे वकील राम जेठमलानी यांचे तीन कोटींहून अधिक रकमेचे बिल दिल्ली सरकारने भरावे की नाही यावर वादंग माजले. दिल्लीच्या क्रिकेट संघटनेतील कारभाराविषयी जेटलींवर आरोप करणे हे मुख्यमंत्र्यांचे सरकारी काम होते का, हा खरा प्रश्न होता. केजरीवालांना आपण गरीब अशील मानू आणि फुकट लढू, असे जेठमलानींनी जाहीर केले आणि चर्चेचा रोख बिलावरून त्यांच्या दिलदारीकडे वळला. एप्रिल २०१८ मध्ये केजरीवालांच्या माफीनंतर दावा मिटला.

माझ्या मते मंत्र्याने आपला दावा स्वखर्चाने लढवावा. ते जमत नसेल आणि सरकार खर्च उचलणारच असेल, तर मिळणारी भरपाई आधी तिजोरीत जावी, आणि किती पैसा कोणत्या दाव्यावर गेला, बचावावर किती आणि उलट दाव्यावर किती, याचा वेगवेगळा हिशेब निकाल लागताच विधिमंडळात मांडला जावा.