बर्फाचा रस्ता सपाट करणाऱ्या मशीनमध्ये एक रात्र (मुलं मिशिगनला असलेल्या इंदूरकरांसाठी)

इंदूरला परत येऊन आठवडा झाला तरी सराफ्यात भेटेल तो विचारतोय की काका ते बर्फाचं मशीन काय होतं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

भाचा ह्यूटनला शिकतो, मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला. तिथल्या किविनॉ भागात 1978-79 च्या हिवाळ्यात 390.4 इंच बर्फ पडला होता, म्हणजे जवळपास दहा मीटर, रस्त्याच्या कडेला त्याची उंची दाखवणारा खांबच उभा केलाय. जंगलातून स्नोमोबिलचे (बर्फावर चालणाऱ्या स्कूटरसारख्या गाड्यांचे) रस्ते आहेत आणि ते नीट ठेवायला रात्री ग्रूमर, म्हणजे हेच मशीन, फिरतो. भाच्याच्या ओळखीचे एक रिटायर्ड आजोबा तो चालवतात, त्यांनी बसवून घेतलं.

मला वाटलं होतं रोड रोलरसारखं दाबत जायचं असेल. तसं नाहीये! स्नोमोबिलवाले ब्रेक आणि रेस मारून रस्त्यावर लाटा पाडतात, कच्च्या रस्त्यावर पडतात ना तशाच. पट्ट्यांवर चालणाऱ्या गाडीमागे लांबलचक ड्रॅग जोडलेला असतो, त्याची तिरकी पाती लाटा पार तळापासून कापतात, ढेकळं उलटीपालटी होऊन भुगा होतो आणि शेवटची सपाट प्लेट तो दाबते. आपल्याकडे कुळव मारून वर फळी फिरवतात, डिट्टो तेच. नुसते शेंडे छाटले तर लाटा लगेच परत येतात, म्हणून आजोबा सारखे मागे बघत पाती वरखाली करत होते. स्पीड ताशी दहा-बारा किलोमीटर, सायकलवाला आरामात पुढे जाईल.

आता जाणाऱ्यांसाठी. आधी हे रस्ते सांभाळणाऱ्या स्नोमोबिल क्लबला विचारा, इन्शुरन्समुळे सगळीकडे बसू देत नाहीत. केबिनमध्ये हीटर असतो त्यामुळे मी जॅकेट काढून मजेत बसलो आणि पहिलंच झाड आडवं पडलेलं दिसल्यावर उणे चौदामध्ये तसाच उतरलो, कान गेले म्हणा ना. टोपी-हातमोजे मांडीवरच ठेवा, मोबाइल आतल्या खिशात, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. चहा बेतानं प्या, आठ तासांत बाथरूम म्हणजे जंगलच. शेव जरूर न्या, आजोबांनी लौंगवाली अर्धं पाकीट संपवलं आणि मग दोन बाटल्या पाणी.

आणि स्वतः स्नोमोबिल चालवणार असाल तर ग्रूमरचा पिवळा दिवा चमकताना दिसला की कडेला थांबा, आणि ताज्या रस्त्यावर लगेच घुसू नका. रात्री करायचं कारणच ते, गर्दी नसते आणि थंडीत तो भुगा काही तासांत एकमेकांना चिकटून कडक होतो. आमच्या मागून दोन वाजता दोघं गेले सुसाट. सकाळी भाच्याबरोबर त्याच रस्त्यावर गेलो तर त्यांच्या चाकोऱ्या दगडासारख्या गोठलेल्या, माझी कंबर अजून दुखतेय.