किती जीबीचा घेऊ?

"गाणं ऐकायला वेगळा प्लेअर घ्यायचाय, किती जीबीचा घेऊ?" महिन्यातून एकदा तरी मला हे कुणीतरी विचारतंच. विचारणारे बहुतेक गाणं शिकणारे, मनापासून ऐकणारे, आणि अलीकडे आई-वडिलांसाठी काहीतरी सोपं शोधणारी माझ्या वयाची मंडळी. पाठोपाठ दुसरा प्रश्नही ठरलेला: "पण फोन असताना वेगळं यंत्र कशाला?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते. मी मिरजेची. वडिलांनी मागे ठेवलेल्या १४० कॅसेटी मी तीन वर्षं रोज संध्याकाळी बसून कॉम्प्युटरवर उतरवल्या, आणि गेल्या वीस वर्षांत पाच प्लेअर वापरले. त्यातून जे कळलं तेवढंच सांगते.

आधी फोनचं. एसटीत किंवा चालताना सिनेमाची चार गाणी ऐकायची असतील तर काही घेऊ नका, फोन पुरतो. पण विलंबित ख्याल लावलाय, गवई षड्जावर स्थिरावतोय आणि तेवढ्यात कुरिअरवाल्याचा फोन आला, की बैठक मोडते. बोलणं संपवून परत सुरू केलं तरी गाणं तिथंच असतं, आपण नसतो. मला तासभर कुणाचीही हाक न आणणारी वस्तू हवी असते. वेगळा प्लेअर घ्यायचं माझ्यापुरतं हे एकच कारण आहे, आणि ते पुरेसं आहे.

आता जीबी. दुकानदार सांगतो, "ताई, यात दोन हजार गाणी बसतात." ही गाण्यांची मोजणी जुनी आहे. २३ ऑक्टोबर २००१ ला पहिला आयपॉड आला तोच मुळी "खिशात हजार गाणी" म्हणत. आत ५ जीबीची छोटी हार्ड डिस्क होती. म्हणजे एका गाण्याला ५ एमबी, आणि गाणं चार मिनिटांचं धरलेलं. त्याच दर्जाचा ५० मिनिटांचा एक राग ठेवायला साधारण ६२ एमबी लागतात. हजार गाण्यांच्या त्या आयपॉडात माझ्या हिशेबानं जेमतेम ८० राग मावले असते. चार मिनिटांचं गाणं हे माप तबकडीच्या काळापासून चालत आलेलं आहे. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची, आणि गाणाऱ्याला तेवढ्यात सगळं बसवावं लागायचं. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. ती ऐकताना मला दर वेळी वाटतं, मागे किती राहिलं असेल.

म्हणून गाणी मोजू नका, तास मोजा. आमच्याच घरातला हिशेब देते. १४० कॅसेटी, प्रत्येक ९० मिनिटांची, म्हणजे १२,६०० मिनिटं, म्हणजे २१० तास. यातलं निम्म्याहून जास्त आकाशवाणीच्या शनिवार रात्रीच्या राष्ट्रीय संगीत कार्यक्रमाचं. एमपीथ्री १२८ केबीपीएसनं केली (सेकंदाला किती माहिती साठवायची, त्याचं हे माप) तर मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, सगळं मिळून १२ जीबी. ३२० नं केली तर मिनिटाला २.४ एमबी, सगळं ३० जीबी. आणि काहीही न गाळता फ्लॅक प्रकारच्या फाईलमध्ये ठेवायचं म्हटलं तर मिनिटाला पाच-सहा एमबी, म्हणजे ६० ते ७५ जीबी. वडिलांचे ते सगळे शनिवार करंगळीच्या नखाएवढ्या एका मेमरी कार्डात राहतात.

यावरून तुमचा अंदाज तुम्हीच बांधा. माझं मत असं, की बहुतेकांना ३२ जीबी भरपूर होतात. आतली मेमरी किती आहे यापेक्षा कार्ड घालायची जागा आहे का, हे आधी बघा. आतली मेमरी वाढवता येत नाही, आणि प्लेअर बंद पडला की तिच्यासकट जातो. कार्ड काढून दुसऱ्यात घालता येतं. माझे दोन प्लेअर गेले, गाणं मात्र एकही गेलं नाही.

फक्त प्लेअर किती जीबीपर्यंतचं कार्ड घेतो, ते खोक्यावर वाचून घ्या. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एका पद्धतीनं फॉरमॅट केलेली असतात, त्यावरची दुसऱ्या. जुन्या किंवा स्वस्त यंत्राला ही दुसरी पद्धत कळत नाही, मग ६४ चं कार्ड घातलं की ते "कार्ड नाही" असंच म्हणत राहतं. आणि कार्ड ओळखीच्या, बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. मी एकदा फार स्वस्तात ६४ जीबीचं कार्ड घेतलं होतं. कॉम्प्युटर ६४ दाखवायचा, फायली भरल्याही गेल्या. ऐकायला बसले तर आठ जीबीच्या पुढचं सगळं मुकं. कार्डातल्या चिपलाच खोटा आकडा सांगायला लावलेलं असतं, आत जागा नसतेच. दोन रविवार भरण्यात गेले होते. तेव्हापासून नवीन कार्ड आणलं की आधी ते काठोकाठ भरून परत वाचून बघते. त्यासाठी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम मिळतो. रात्री लावून झोपायचं, सकाळी निकाल समोर.

१२८ घ्यावं की ३२०, की थेट फ्लॅक, यावर मुलं फार हिरिरीनं भांडतात. मी मिरजेत, तंबोऱ्याच्या गावात वाढले, त्यामुळे माझी परीक्षा तंबोऱ्यावर होते. तंबोरा जुळवणारा कारागीर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा धागा घालतो आणि तो केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत राहतो. एका जागी तार नुसतीच वाजते. जरा पुढे सरकवलं की एकदम उघडते, एका सुरातून पाच-सहा सूर उमलून वर येतात. ती जवारी. एमपीथ्री फाईल लहान होते ती कशामुळे, तर मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज ती गाळते, माणसाला तो तसाही ऐकू येणार नाही असं धरून. गवयाच्या गळ्यामागे मंद चाललेला तंबोरा हा नेमका तसा बारीक आवाज. ६४ केबीपीएसला तो पाण्याखालून आल्यासारखा लागतो, जवारी उरतच नाही, नुसती खळखळ. १२८ ला गळा ठीक, तंबोरा अजून थोडा ओला. २५६ च्या पुढे मात्र मी डोळे मिटून, चांगला हेडफोन लावून, पुन्हा पुन्हा ऐकलंय, आणि मला फ्लॅक कुठलं आणि एमपीथ्री कुठलं ते सांगता आलेलं नाही. म्हणून फ्लॅक घरातल्या हार्ड डिस्कवर, तेही दोन ठिकाणी, आणि खिशात ३२० ची एमपीथ्री, असं मी ठरवून टाकलंय. महागड्या हाय-रेझोल्युशन प्लेअरचे पैसे वाचवा आणि त्यातले निम्मे हेडफोनला घाला. फरक तिथं पडतो, आणि तो कुणालाही ऐकू येतो.

खोक्यावर जे कधीच छापलेलं नसतं, त्यानंच खरा मनस्ताप होतो. एकाच रागाच्या विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) अशा दोन फायली पाठोपाठ असल्या की मध्ये क्षणभर गाणं तुटतं. एमपीथ्री २६ मिलिसेकंदांच्या तुकड्यांत बांधली जाते, फाईलच्या सुरुवातीला आणि शेवटी रिकामी जागा राहते, त्यात यंत्राला पुढची फाईल उघडायला वेळ लागतो. सिनेमाच्या गाण्यांत हे जाणवणारही नाही. इथं मात्र मागे तंबोरा अखंड चाललेला असतो, त्यामुळे तो खड्डा दगडासारखा लागतो. यंत्रात 'गॅपलेस' अशी सोय आहे का, ते विचारा. नसली तर अख्खी बैठक एकाच फाईलमध्ये जोडून ठेवा. मी तेच केलं.

एकच लांब फाईल केली की दुसरी सोय हवी, जिथं थांबलं तिथून पुढे सुरू होण्याची. कीर्तन, प्रवचन, मैफल ऐकणाऱ्याला ही नसली तर बाकी सगळं असून उपयोग नाही. चाळीस मिनिटं ऐकून बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "जय जय रामकृष्ण हरी" पासून सुरुवात, असं तीनदा झालं की म्हातारं माणूस ते यंत्र कपाटात ठेवून देतं.

नावांचं तर विचारूच नका. फायलींना मी हौसेनं देवनागरीत नावं दिली, 'मारुबिहाग', 'शुद्धकल्याण'. एका प्लेअरवर सगळे चौकोन दिसले. दुसऱ्यावर अक्षरं आली पण वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. म्हणून दुकानात देवनागरी नावाची एक फाईल लावून बघाच. आणि क्रम. बऱ्याच स्वस्त यंत्रांत गाणी नावाच्या क्रमानं वाजत नाहीत, ज्या क्रमानं कार्डावर भरली गेली त्या क्रमानं वाजतात. ०१, ०२ असे आकडे घालूनही हरिपाठाचा अभंग पुढेमागे का होतो, हे कोडं मला सहा महिने सुटलं नव्हतं. कार्ड रिकामं करून फायली एकेक करून ओळीनं टाकल्या, आणि सुटलं.

जुना आयपॉड मिळतोय, घेऊ का, असंही विचारतात. १६० जीबीचा क्लासिक २०१४ साली बंद झाला, आणि २०२२ साली आयपॉड टचही बंद झाल्यावर आयपॉड हे प्रकरणच संपलं. माझ्या मामेबहिणीनं न्यू जर्सीहून आणून दिलेला क्लासिक माझ्याकडे बारा वर्षं होता आणि त्याच्या चाकावर बोट फिरवायची जी मजा होती ती मला पुन्हा मिळाली नाही. पण आता जो मिळेल त्याची बॅटरी थकलेली असणार, आणि आत फिरणारी डिस्क असल्यामुळे एकदा हातातून पडला की संपलं. दुरुस्तीची हौस असेल तरच घ्या.

जुनी गाणी आपोआप वाजत राहावीत, भरण्याची कटकट नको, असं असेल तर सारेगामाचा कारवां चांगला. २०१७ साली आला, पाच हजार गाणी आधीच भरलेली, मराठीचाही आहे. त्याची मोठी फिरकी वयस्कर हातांना लगेच जमते. पण तो टेबलावर ठेवायचा डबा आहे, पदराला लावून फिरायची वस्तू नाही.

आणि आईसाठी हवी होती ती पदराला लावायची वस्तू. आई ७९ वर्षांची. तिला आधी मी टच स्क्रीनचा, मोठा, देखणा प्लेअर दिला होता. तिची बोटं कोरडी पडलेली, टच लागायचाच नाही, आणि लागला की भलतंच काहीतरी उघडायचं. स्वयंपाकघरात पिठाचे हात असले तर प्रश्नच मिटला. चार दिवसांनी तो गॅसच्या ओट्यावर उपडा ठेवलेला सापडला. ती काही बोलली नाही, मीच समजले.

मग या दिवाळीच्या आधी मी तिलाच दुकानात घेऊन गेले. घरून एक कार्ड भरून नेलं होतं. त्यात एक तासाचं कीर्तन, पाठोपाठच्या दोन फायली, देवनागरी नावाचा एक अभंग, आणि बाबांच्या कॅसेटमधला एक पूरिया. दुकानदारानं सात-आठ यंत्रं काउंटरवर मांडली. पडदा मोठा कुठला, मेमरी जास्त कुठली, ब्लूटूथ कशाला आहे, तो भराभरा सांगत होता. मी एकेकात कार्ड घालून बघत होते. पाच तिथंच गळले, दोन क्रमावर आणि तीन थांबलं तिथून पुढे न गेल्यामुळे. उरलेल्यांत एक अगदी लहान होता, आगपेटीपेक्षाही छोटा, मागे चिमटा, आत फक्त ८ जीबी. दुकानदार म्हणाला, "मावशी, तो जुना आहे, हा नवा बघा."

आईनं तो छोटाच हातात घेतला. चष्मा काढून पर्समध्ये ठेवला, डोळे दुसरीकडेच, नुसता अंगठा यंत्रावर फिरवला. मधलं बटण जरा वर आलेलं होतं, ते तिला सापडलं. दाबलं, टक् झालं. कानात तंबोरा सुरू झाला असणार, कारण तिनं मान हलवली. मग पुन्हा दाबलं, थांबवलं, पुन्हा दाबलं.

"हाच घे," ती म्हणाली. "याचं बटण दाबलेलं कळतं."