शोडाउनपर्यंत किती वेळा जायचं? निर्णय टर्नवरच

पोकरच्या अभ्यासाच्या या टप्प्यात एकच विषय घेतला होता. प्रत्येकाच्या हातात दोन झाकले पत्ते असतात, टेबलावर सगळ्यांसाठी आधी तीन पत्ते उघडतात (फ्लॉप), मग चौथा (टर्न), मग पाचवा (रिव्हर), आणि शेवटी पत्ते दाखवायचे (शोडाउन). समोरचा फ्लॉप, टर्न, रिव्हर असा सलग बेट करत आला, तर मधल्या ताकदीचा हात शेवटपर्यंत किती वेळा धरायचा? ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानंतर पैशांचं ऑनलाइन पोकर आपल्याकडे बंद झालं. तेव्हापासून आमची इंदूरची मंडळी फुकटच्या चिप्सवर सहा जणांचं नो-लिमिट होल्डेम खेळतात. चिप्स फुकट असल्या तरी खेळ मन लावून चालतो.

आमच्यातले बहुतेक दिवाळीच्या तीन पत्तीवर वाढलेले. तिथे दोघेच उरले की शो मागता येतो, आणि पत्ते पाहिलेल्याला त्यासाठी ब्लाइंडच्या दुप्पट टाकावे लागतात. किंमत एकदाच द्यायची आणि ती आधीच ठाऊक असते. होल्डेममध्ये फ्लॉपवर कॉल केल्याने, म्हणजे समोरच्याच्या बेटएवढ्या चिप्स टाकल्याने, शो मिळत नाही, पुढचा बेट अंगावर येतो. रामबागेतले आमचे एक काका दर वेळी म्हणतात, ‘‘अरे, बघायला तर हवं ना त्याच्याकडे काय आहे!’’ त्यांच्यासाठी म्हणून हा हिशोब मांडला, आणि तोच मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

फ्लॉपवर पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, १०० आहे आणि समोरचा तिन्ही वेळा अर्धा पॉट लावतोय असं धरा. ५०, मग १००, मग २००. आपण सगळे कॉल केले तर ३५० जातात आणि शेवटचा पॉट ८०० होतो. नुसता रिव्हरचा कॉल पाहिला तर ८०० पैकी २००, म्हणजे २५ टक्के वेळा जिंकलो तरी भागतं. टर्नवर उभं राहून पुढचं सगळं देणं मोजलं तर ३००, म्हणजे साडेसदतीस टक्के. फ्लॉपवरून मोजलं तर जवळजवळ ४४. समोरचा मध्येच चेक करतो, म्हणजे बेट न लावता पुढे जातो, तेव्हा हे स्वस्त पडतं, पण न थांबणाऱ्या खेळाडूसमोर खरी किंमत हीच. म्हणून माझं मत पक्कं झालंय की शोडाउनचा निर्णय टर्नवर घ्यायचा. तोवर पॉट हाताबाहेर गेलेला नसतो आणि समोरच्याची रेंजही (त्याच्याकडे असू शकणारे हात) बरीच उघडी पडलेली असते.

रिव्हरला मात्र पत्ते मोजायचे. परवाचा हात बघा. बोर्ड इस्पिकचा राजा, इस्पिकची सत्ती, चौकटची दुर्री, मग किल्वरची दुर्री, शेवटी बदामाची तिर्री. माझ्याकडे बदामाचा राजा आणि किल्वरची राणी. अर्धा पॉट बेट आला. मला हरवणारे मुख्य हात असे: एक्क्यांची जोडी ६ प्रकारे, एक्का-राजा ८, सत्तीची जोडी ३, राजांची जोडी १. एकूण १८. समोरच्याकडे फसलेल्या इस्पिक फ्लशचे (इस्पिकचे पाच पत्ते जमवायला निघून न जमलेले) निदान ६ ब्लफ असले की माझा २५ टक्क्यांचा हिशोब जमतो. पूर्ण पॉट लावला असता तर ९ लागले असते. आता माझी राणी किल्वरऐवजी इस्पिकची आहे असं समजा. इस्पिकचे एक्का-राणी, राणी-गुलाम, राणी-दश्शी हे ब्लफ त्याच्याकडे असूच शकत नाहीत. जोडी तीच, किकर (जोडीबाहेरचा पत्ता) तोच, तरी कॉल बराच पातळ होतो. माझी राणी किल्वरची होती, म्हणून मी कॉल केला. पूर्वी मी ही नजर फक्त मोठ्या पॉटमध्ये ठेवायचो, आता प्रत्येक रिव्हरला ठेवतो.

आकड्यांबद्दल थोडक्यात. फ्लॉप पाहिलेल्या हातांपैकी किती शोडाउनला गेले, हा डब्ल्यूटीएसडी सहा जणांच्या टेबलावर साधारण २५ ते ३० मध्ये असला की बरा मानतात. माझा २८ च्या आसपास स्थिरावतोय. पण तो एकटा काही सांगत नाही. शोडाउनला किती जिंकलो हेही शेजारी लागतं, आणि त्यात आपण स्वतः बेट केलेले हातही मिसळलेले असतात. म्हणून मी रिव्हरच्या कॉलचा वेगळा रकाना ठेवलाय. त्यात साठ-सत्तर टक्के विजय दिसले तर मी खूश होणार नाही. अर्ध्या पॉटला २५ पुरत असताना एवढे विजय म्हणजे जिंकणारे बरेच कॉल सोडून देतोय.

पूर्ण पॉटएवढा बेट आला तर आपले निम्मे हात धरून ठेवावेत, असा एक नियम सांगतात; तो ब्लफ करणाऱ्यांसमोर ठीक. आमच्या टेबलावर जो दोन स्ट्रीट (फेऱ्या) गप्प कॉल करून रिव्हरला अचानक मोठा बेट लावतो, त्याच्याकडे बहुतेक वेळा खरंच काही असतं. तिथे मी निःशंक फोल्ड करतो, हात सोडून देतो.

पुढच्या टप्प्यात फक्त बटण (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी खेळणारी जागा) विरुद्ध बिग ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधीच सक्तीचा मोठा बेट लावणारी जागा) घेणार. तिथे दोन्ही रेंज रुंद असतात, त्यामुळे टर्नची साडेसदतीसची रेघ किती हलके हात ओलांडतात ते बघायचंय. कोणी या जागांचे हात जपून ठेवले असतील तर टर्नच्या बेटची साइझ नक्की सांगा.