कमी फिरलेल्या गाडीचं ऑइल

सिग्नलला गाडी थांबली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा, जरा रेस दिली की जायचा. सकाळच्या पहिल्या स्टार्टला इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक यायची आणि चार-पाच सेकंदांत थांबायची. कोथरूडहून गॅरेजमध्ये आलेल्या या हॅचबॅकची तक्रार एवढीच होती. गाडी २०१७ ची, १.२ लिटर पेट्रोल, मीटरवर ३१,००० किलोमीटर. वापर एका निवृत्त काकांचा: मंडई, बँक, नातीला शाळेतून आणणं. आधीचं ऑइल २६ महिन्यांपूर्वी बदललेलं आणि त्यानंतर गाडी ५,८०० किलोमीटर चाललेली. काकांचा हिशोब साधा होता, "पुस्तकात दहा हजार लिहिलंय, अजून चार हजार बाकी आहेत."

पुस्तकातलं ते वाक्य पुढे वाचावं लागतं. बहुतेक पेट्रोल गाड्यांसाठी ते "१०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी येईल ते" असं असतं. शिवाय पुढच्या पानांवर कठीण वापराचा वेगळा तक्ता असतो. त्यात धूळ, घाट, थांबत-थांबत चालणारी वाहतूक आणि सतत छोट्या फेऱ्या हे सगळं येतं, आणि तिथे मुदत साधारण निम्मी होते. पुण्यात रोज तीन किलोमीटर जाऊन परत येणारी गाडी याच तक्त्यात बसते. दुसऱ्या तक्त्याचं पान मात्र फारसं कुणी उघडत नाही.

लाल दिवा दिसला की आधी इंजिन बंद करायचं. हा दिवा ऑइल कमी आहे असं सांगत नाही, तो प्रेशर गेल्याचं सांगतो. "जवळच आहे, पोहोचतो" म्हणून पुढे चालवलेल्या दोन किलोमीटरमध्ये क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, बेअरिंग जाऊ शकते. काकांच्या गाडीचा दिवा फक्त गरम इंजिनाला, आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) लागत होता, म्हणून ती वाचली.

सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक काढली. पातळी वरच्या खुणेला टेकलेली. एवढ्यावर समाधान मानणारे बरेच असतात. पण २६ महिने जुन्या ऑइलची पातळी जराही खाली आलेली नाही, हीच शंका घेण्यासारखी गोष्ट होती. काडी नाकाजवळ नेली तर पेट्रोलचा स्पष्ट वास. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळसर, लोण्यासारखा थर. असा थर दिसला की पहिला संशय हेड गास्केटवर, म्हणजे पाणी आणि तेल वेगळं ठेवणाऱ्या हेडखालच्या पॅकिंगवर, जातो आणि कधीकधी हेड विनाकारण उतरवलं जातं. म्हणून आधी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) पाहिलं: टाकीतली पातळी जागेवर, वर तेलाचा तवंग नाही, इंजिन चालू असताना बुडबुडे नाहीत, सायलेन्सरमधून गरम झाल्यावर पांढरा धूर नाही. गास्केट ठीक होतं. थरातलं पाणी ज्वलनातून आलेलं होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन सायलेन्सरवाटे जातं, पण थोडा भाग पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरतो. ऑइल ८०-९० अंशांच्या वर जाऊन तिथे काही वेळ टिकलं तर हे पाणी आणि उतरलेलं पेट्रोल उडून जातं. तीन किलोमीटरच्या फेरीत ऑइल तिथवर पोहोचतच नाही. कूलंट लवकर तापतं, ऑइलला त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो.

मग प्रेशर मोजलं. लाल दिवा लावणारा प्रेशर स्विच काढून त्या आट्यावर मेकॅनिकल गेज बसवला. थंड इंजिनाला काटा उठायलाच चार सेकंद लागले, सकाळची टकटक तीच. गरम झाल्यावर आयडलिंगला ०.३ बार आणि ३,००० आरपीएमला १.४ बार. या इंजिनाला गरम असताना आयडलिंगला निदान १ बार आणि ३,००० ला ३ बारच्या आसपास हवं. स्विच बरोबर काम करत होता. दिवा लुकलुकतो म्हणून आधी नवा स्विच टाकायचा हा शिरस्ता मला मुळीच पटत नाही. गेज लावायला वीस मिनिटं लागतात आणि उत्तर पक्कं मिळतं.

या केसमधली खरी गोष्ट स्कॅनरवर दिसली. रस्त्यावर पंधरा मिनिटं चालवूनही कूलंटचं तापमान ६४ अंशांवर होतं. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नाही, फक्त निळा आणि लाल दिवा, त्यामुळे काकांना कळायला मार्ग नव्हता. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट. त्याचं घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही. पूर्वी कधीतरी गाडी गरम होते म्हणून कुणीतरी तो काढून टाकला होता. हा उपाय आपल्याकडे सर्रास केला जातो आणि इंजिनासाठी तो घातक आहे. थर्मोस्टॅट नसला की पाणी पहिल्या सेकंदापासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन थंडच राहतं, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्याला थंड समजून पेट्रोल जास्त सोडतो, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली उतरतं आणि ऑइल पातळ होतं. ऑइल वर्षानुवर्षं त्याच स्थितीत राहिलं की पाणी, पेट्रोल आणि काजळी मिळून गाळ बनतो. गाडी गरम होत असेल तर पंखा, रेडिएटर, पाण्याचा पंप, झाकण तपासायचं. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा टाकायचा. इथे मूळ दोष पंख्याच्या रिलेचा निघाला.

ऑइल काढलं तर फक्त अडीच लिटर आलं, फिल्टरसह भरायचं माप ३.१ लिटर. उरलेलं गाळ होऊन आत बसलं होतं. डिपस्टिक पातळी सांगते, त्यातलं किती वाहतं राहिलंय हे सांगू शकत नाही. चेंबर उतरवला. तळाला बोटभर काळा घट्ट गाळ, आणि ऑइल पंपाच्या तोंडाची जाळी पाऊण भाग बुजलेली. टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण) काढलं तर आतल्या पत्र्यामागे तोच गाळ, आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह जागीच चिकटलेला. म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर पडायची वाटही बंद.

क्रँक उघडायचा की नाही हे गाळावरून ठरत नाही. जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या, चेंबरच्या तळावरून चुंबक फिरवलं. बेअरिंगची चकचकीत पापुद्री किंवा तांबूस कण दिसले असते तर काम मोठं होतं. तसं काही नव्हतं.

फ्लश टाकावा का, हा प्रश्न अशा वेळी हमखास येतो. एवढा गाळ असताना मी टाकत नाही. फ्लशने गाळ एकदम सुटतो आणि गठ्ठे थेट जाळीवर आणि कॅमच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतात. चेंबर, जाळी आणि कव्हर डिझेलने धुतलं, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं. ड्रिलला लावायची घासणी चकती वापरली नाही. तिचे कण बेअरिंग खातात. चेंबरला आरटीव्ही सिलिकॉनची तीन मिलिमीटरची अखंड रेघ दिली. जास्त दिलं तर आत निघालेली शेव सुटून पुन्हा जाळीत अडकते. लहान बोल्ट टॉर्क पान्याने १० न्यूटन-मीटर, ड्रेन नट नव्या वॉशरसह ३५. फिल्टरच्या रबरी रिंगला ऑइलचं बोट लावून, रिंग टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, पान्याने आवळायचा नाही. फिल्टर नामांकित घेतला, कारण आत तेल परत खाली जाऊ न देणारी रबराची झडप असते आणि स्वस्त फिल्टरमध्ये ती लवकर कडक होते. पीसीव्ही व्हॉल्व्ह नवा, थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडणारा, पुस्तकात दिलेलाच.

सिलिकॉन सुकल्यावर ५डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल आधी २.८ लिटर भरलं. प्रेशर आलेलं नाही म्हणून जाड १५डब्ल्यू-४० ओतणारे भेटतात. गेजवर आकडा सुधारलेला दिसतो, पण जाळी बुजलेली तशीच राहते आणि थंड स्टार्टला तेल वर पोहोचायला आणखी उशीर होतो. इंजिन सुरू न होता आधी ऑइल वर चढावं म्हणून फ्युएल पंपाचा रिले काढून स्टार्टर थोडा-थोडा फिरवला, गेजचा काटा हलल्यावरच रिले परत लावला. गरम झाल्यावर आयडलिंगला १.१ बार, ३,००० ला ३.२. मग पातळी पाहून उरलेलं भरलं.

मुदत ठरवताना मी आता सरासरी वेग विचारात घेतो. या गाडीच्या डिस्प्लेवर तो ताशी १३ किलोमीटर होता. ५,८०० किलोमीटरला इंजिन सुमारे ४४५ तास चाललं. हायवेवर ताशी ६० ने तेवढ्या तासांत जवळपास २७,००० किलोमीटर होतात. म्हणून एक्स्प्रेसवेवर दिवसभर पळणाऱ्या टॅक्सीचं दहा हजारांनंतरचं ऑइल बऱ्याचदा या ५,८०० पेक्षा चांगलं असतं. रंगावर जाऊ नये. डिझेल गाडीत नवं ऑइलही काही शे किलोमीटरमध्ये काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हेच त्यातल्या रसायनाचं काम आहे. बीएस-६ डिझेलवाल्यांनी मात्र पातळी *वाढते* का हे पाहावं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होण्यासाठी जादा डिझेल सोडलं जातं, छोट्या फेऱ्यांत ती साफसफाई अर्धवट राहते आणि डिझेल चेंबरमध्ये उतरतं. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली तर मुदतीची वाट न बघता ऑइल बदलायचं. तिथे ऑइलही कमी राखेचं, पुस्तकात सांगितलेल्या स्पेसिफिकेशनचंच लागतं.

किलोमीटर न पाहता वर्षांवर बदलायच्या बाकीच्या गोष्टीही या गाडीत तशाच पडून होत्या. ब्रेक ऑइल कंपनीतून आलेलं तेच. ते हवेतली ओल शोषतं. डॉट-४ चा उत्कलनबिंदू नव्याला किमान २३० अंश आणि ओल शोषल्यावर किमान १५५ मानला जातो, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावं. टायरवर २२१७ हा आकडा, म्हणजे २०१७ चा बाविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण बाजूला बारीक चिरा पडलेल्या, त्यामुळे चारही बदलावे लागले.

काकांना ५०० किलोमीटरनंतर पुन्हा बोलावलं होतं, कारण उरलेला गाळ नवं ऑइल हळूहळू सोडवतं. तेव्हा ते काळंकुट्ट निघालं, पण पेट्रोलचा वास नव्हता आणि फिल्टरमध्ये धातू नव्हता. प्रेशर तेच. आणखी एक बदल १,५०० किलोमीटरला, त्यानंतर दर सहा महिन्यांनी, मीटर काहीही दाखवो. आठवड्यातून एकदा गाडी चांदणी चौकातून हायवेला काढून अर्धा तास सलग चालवायची, असंही ठरलं. न्यूट्रलवर उभी ठेवून तापवली तर ऑइल पुरेसं तापत नाही आणि पेट्रोल उलट जास्त उतरतं.