पाण्याचा रिपोर्ट असताना बेडूक कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्राणिशास्त्र शिकवते म्हटलं की हा प्रश्न येतोच: ‘पाण्यातला पारा, कॅडमियम लॅबमध्ये मोजता येतं, मग बेडकांचे हार्मोन कशाला तपासायचे? आणि बेडूक मरत नसतील तर बिघडलं कुठे?’

खरी गोम दुसऱ्या प्रश्नात आहे. भैकेराचा (म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाचा) बेडूक कधी होणार हे थायरॉइड ठरवते. १९१२ मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञानं भैकेरांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ती चिमुकली असतानाच बेडूक व्हायला लागली. उलट, ग्रंथीच काढून टाकली तर भैकेर नुसतं वाढत राहतं. ग्रंथीतून निघालेल्या थायरॉक्सिनला कामाचं रूप देणाऱ्या एन्झाइमला सेलेनियम लागतं, आणि पारा नेमका सेलेनियमलाच घट्ट धरून बसतो. भैकेर जिवंत असतं, पोहतही असतं. वेळापत्रक मात्र कोलमडू शकतं. डबकं आटायच्या आत पाय फुटले नाहीत, तर बघणारा म्हणणार, उन्हानं मेलं.

अमेरिकेत साउथ कॅरोलिनामध्ये सव्हाना रिव्हर साइटवर कोळशाच्या वीजकेंद्राची राख पाण्याबरोबर तळ्यांत सोडत. त्या राखेत आर्सेनिक, कॅडमियम, सेलेनियम. तिथल्या नर भेकांच्या (खरबरीत कातडीच्या बेडकांच्या) रक्तात टेस्टोस्टेरॉन हे नर-हार्मोन आणि ताणाचं कॉर्टिकोस्टेरॉन, दोन्ही चढलेली होती, असं संशोधक हॉपकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलं. स्वच्छ जागचे भेक तिथे आणून ठेवले, तर त्यांचंही कॉर्टिकोस्टेरॉन चढलं. हेच हार्मोन भैकेरात लवकर वाढलं की वाढ खुंटते.

भैकेराचं तोंड भिंगाखाली बघा एकदा. मधोमध काळी चोच, तिच्या वर-खाली कंगव्यासारख्या बारीक दातांच्या ओळी. त्यांनी ते दगडावरचं शेवाळ खरवडतं. राखेच्या तळ्यांतल्या बुलफ्रॉगच्या कित्येक भैकेरांच्या ओळींत दातच नव्हते. समोर शेवाळ असून खाता येईना. काहींचा कणा वाकडा. (हे सगळं हार्मोनच्या माथी मारणार नाही मी. धातू पेशींवर थेटही घाव घालतात.)

राहिला पाण्याचा रिपोर्ट. बाटली भरली त्या क्षणाचं पाणी त्यात कळतं. धातू बसतात गाळात, आणि भैकेर तोच गाळ चिवडत असतं. व्हर्जिनियातल्या साउथ रिव्हरकाठच्या कारखान्यानं पारा वापरणं १९५० च्या सुमारास थांबवलं. अर्धं शतक उलटल्यावरही तिथल्या भेकांच्या माद्या अंड्यांत पारा उतरवत होत्या, आणि त्यांची अंडी कमी फुटत होती.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: मग आपल्या कोराडी-चंद्रपूरच्या वीजकेंद्रांतल्या राखेचं काय? हार्मोन तपासायला किट लागतं, पैसे लागतात. मी आधी भैकेरांची तोंडं बघेन, त्याला दहापट भिंग पुरतं. फक्त जात ओळखून घ्या. मायक्रोहायला या छोट्या बेडकांच्या भैकेरांना हे दात मुळातच नसतात.