मीटर 1,840 तास

पितृपक्षात जुन्या मशीनचे दर पडलेले असतात. पावसामुळे कामं बंद, हप्ते मात्र चालू, आणि त्यात या पंधरवड्यात आपल्याकडे कुणी नवी वस्तू दारात आणत नाही. म्हणून शहाणं गिऱ्हाईक आत्ता बघून ठेवतं आणि दसऱ्याला गाडी उचलतं. नवी मुंबईत कळंबोलीच्या यार्डात मला बोलावलं ते अशाच एका सौद्यासाठी.

मी जुन्या बांधकाम यंत्रांचं मूल्यांकन करतो. फायनान्सवाल्याचा फोन येतो, मी जाऊन मशीन बघतो, किंमत लिहून देतो आणि त्यावर कर्ज ठरतं. बहुतेक वेळा समोर ‘जेसीबी’ असतो, म्हणजे बॅकहो लोडर, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. नावांची ही गंमत जुनीच आहे. एक्स्कॅव्हेटरला आपण ‘पोकलेन’ म्हणतो. ती मुळात फ्रान्सची कंपनी. एल अँड टीनं तिची मशीन इथं बनवली, पुढे ते नाव मागे पडलं, पण लोकांच्या तोंडात राहिलं. तसाच स्किड स्टीअर लोडर, म्हणजे जागच्या जागी वळणारा, पुढे बकेट असलेला छोटा लोडर, कुणाचाही असला तरी ‘बॉबकॅट’. माझ्यासमोरचा कुठल्या कंपनीचा होता ते सांगत नाही. त्याच्या कंपनीची काही चूक नव्हती.

घेणारा तिशीच्या आतला मुलगा, उलव्याकडचा. जमीन सिडकोत गेलेली, मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटमधल्या हिश्श्याचे थोडे पैसे हातात. विमानतळाच्या बाजूला रस्त्यांची, गटारांची, डेब्रिज उचलण्याची कामं बघून त्यानं हे मशीन घ्यायचं ठरवलं होतं. सोबत वडील. डोक्याला टोपी, हातात छत्री, आल्यापासून एक शब्द नाही. दलाल मात्र दोघांच्या वाटणीचं बोलत होता.

“साहेब, 2018 ची गाडी. मीटर बघा, 1,840 तासच चाललीय. सव्वानऊ लाख. नवी घ्यायला जा, मग कळेल.”

नव्याचा मुद्दा खोटा नव्हता. चाकांच्या बांधकाम यंत्रांना 1 एप्रिल 2021 पासून बीएस-चार आणि 1 जानेवारी 2025 पासून बीएस-पाच हे धुराचे नियम लागू झाले. प्रत्येक वेळी नव्या मशीनची किंमत वर सरकली आणि तिच्यामागे जुन्याचीही. जुनी, साधी इंजिनं कुठलाही मेकॅनिक खोलू शकतो, म्हणून त्यांना मागणी आहे.

मी आधी बॉनेटला हात लावला. गरम. सकाळचे नऊ, मशीन रात्रभर उभी असायला हवी. मला थंड इंजिन सुरू होताना बघायचं असतं: धूर कुठल्या रंगाचा, सेल्फ किती वेळ मारावा लागतो, तेलाचं झाकण काढलं की खालून वाफारा येतो का. हे दलालाला माहीत असतं, म्हणून तो पाहुणे यायच्या आधी अर्धा तास इंजिन चालवून ठेवतो. यावरून मशीन खराब ठरत नाही, पण माझा चष्मा बदलतो.

रंग ताजा होता. होज पाइपांवर पिवळे शिंतोडे, आणि ग्रीसची निपलंही रंगवून टाकलेली. म्हणजे रंग दिल्यापासून तिला ग्रीस लागलेलंच नाही. टायर चारही नवे. स्किड स्टीअरला स्टीअरिंग नसतं. एका बाजूची चाकं पळवायची, दुसरीकडची थांबवायची किंवा उलटी फिरवायची, आणि गाडी घसटत वळते. काँक्रीटवर तिचे टायर साबणासारखे झिजतात. त्यामुळे नव्या टायरचं मला कधी कौतुक वाटत नाही. जुने असते तर त्यांनी काहीतरी सांगितलं असतं.

मग मी खाली वाकून क्रेनचा शॅकल, म्हणजे लोखंडी कडी, अडकवायची भोकं बघितली.

हे मी पूर्वी बघत नसे. काही वर्षांपूर्वी तळोज्यात अशीच एक चकचकीत मशीन मी चांगल्या किमतीला पास केली. चार महिन्यांत चाकं फिरवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या चेन गेल्या, मग त्या चेन ओढणारी मोटर, मग वायरिंग. घेणाऱ्यानं हप्ते थांबवले, मशीन ओढून आणली, लिलावात मी लिहिलेल्या किमतीच्या निम्मेही आले नाहीत. तिचा जुना ऑपरेटर नंतर भेटला. तो सहज म्हणाला, ती तर जहाजावरची होती. तेव्हापासून ही भोकं.

जहाजाच्या होल्डमध्ये, म्हणजे पोटातल्या मालाच्या कप्प्यात, खत किंवा कोळसा असतो तेव्हा ग्रॅब, म्हणजे क्रेनचा पंजा, मधला ढीग उचलतो, पण कोपऱ्यांतला आणि कडांचा माल त्याला लागत नाही. तो मध्ये ढकलायला क्रेननं बॉबकॅट खाली सोडतात. या यंत्राचा जन्मच अडचणीच्या जागेसाठी झाला. 1957 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या केलर बंधूंनी एका टर्की पाळणाऱ्यासाठी त्याचा पहिला अवतार बनवला, त्याच्या खुराड्यात खांबांच्या मधून वळून विष्ठा काढता यावी म्हणून. खुराडं काय, होल्ड काय, जागच्या जागी गिरकी घेणारं मशीनच तिथं चालतं. फक्त होल्डमध्ये वर खत, खाली लोखंडी तळ आणि चहूकडे खारी हवा.

यार्डातली, रस्त्यावरची मशीन ट्रेलरवर रॅम्पनं चढते. क्रेनला ती क्वचित टांगली जाते. या मशीनची चारही भोकं लांबट झालेली, आतल्या कडा घासून गुळगुळीत. रंग होता, पण भोकाचा आकार रंगानं बदलत नाही.

“ही बंदरात होती का हो?” मी विचारलं.

“छे छे, फॅक्टरीत होती.”

केबिन उलटवली. खाली सांदीत, पोटाखालच्या बेली प्लेटच्या कोपऱ्यात, ओलसर लालट खडे घट्ट बसलेले. वायरिंगच्या कनेक्टरांवर हिरवट भुकटी. दलाल म्हणाला, विटांचा चुरा आहे, फॅक्टरीत भट्टीचं काम होतं.

तोवर छत्रीवर टेकून उभे असलेले वडील पुढे झाले. त्यांनी दोन खडे चिमटीत घेतले, चोळले, बोटं उन्हाकडे धरली.

“हा पोटॅश हाय,” ते म्हणाले. “भातात टाकत व्हतो ना आमी.”

दलाल हसला. मुलगा हसला नाही. मी बाटलीतलं पाणी थोडं ओतलं. विटेचा चुरा पाण्यात विरघळत नाही, हा विरघळत चालला. पोटॅश म्हणजे क्षारच. भारतात ते जवळजवळ सगळं बाहेरूनच येतं, जहाजानं. लोखंडाला त्याच्याइतका सोशिक शत्रू नाही: दिसत नाही, घाई करत नाही.

पुढचं काम सोपं होतं. बाजू उचलून इंजिन बंद ठेवून चाकं हातानं हलवली. डावीकडच्या दोन्ही चाकांत चेनची ढिलाई हाताला जाणवत होती. चेनकेसचा, म्हणजे चेनच्या तेलाच्या पेटीचा, प्लग सैल केला तर आधी गंजट पाणी, मग तेल. चालवली तर सरळ जायला तयार नाही, डावीकडे ओढते. वीस मिनिटं फिरवल्यावर हायड्रॉलिक तेल तापलं आणि डावी बाजू चढावर दम सोडायला लागली. इंजिन मात्र ठीक होतं, हेही लिहायला हवं. बकेट उत्तम.

कागद विचारले. आरसी नाही. बंदराच्या आत राहिलेल्या मशीनची नोंदणी कुणी केलेलीच नव्हती, हातात फक्त खरेदीचं बिल. या मुलाला गाडी उलव्याच्या रस्त्यावर चालवायची होती. 2018 च्या बीएस-तीन मशीनची आता पहिल्यांदा नोंदणी करायला आरटीओत किती फेऱ्या लागतील, आणि ती होईल का, याची हमी मी देऊ शकत नव्हतो.

मी पावणेपाच लाख लिहिले. दोन्ही चेनसेट, डावी मोटर, वायरिंग हार्नेस, हे वजा करूनही खरं तर जास्तच होतं. शिवाय स्किड स्टीअरचा बाजार अरुंद आहे. जेसीबी खोपोलीपासून शहापूरपर्यंत कुठेही दोन दिवसांत विकला जातो. याला आरएमसी म्हणजे तयार काँक्रीटचा प्लँट, फाउंड्री, रस्त्याचा कंत्राटदार असं नेमकं गिऱ्हाईक शोधावं लागतं. सोबत ब्रेकर, झाडूचं अटॅचमेंट असेल तर किंमत तोलून धरते. इथं नुसती बकेट. पुढे विकायची वेळ आली तर महिनोन्महिने उभी राहील, हेही किमतीतच मोजावं लागतं.

दलालानं माझ्याकडे बघणं सोडलं. फायनान्सच्या माणसाचा फोन आला: “सर, फाइल अडलीय. आठ करून द्या ना, पार्टी चांगली आहे.” पार्टी चांगली होती, म्हणूनच नाही म्हटलं. माझी त्या दिवसाची फी अडीच हजार. ती दीड महिन्यानं मिळाली आणि त्या माणसाची फाइल त्यानंतर माझ्याकडे आली नाही.

वडिलांनी जाताना विचारलं, “साहेब, मग चांगलं काय हाय हीच्यात?”

“बकेट, काका. आणि इंजिन.”

“मंग ती दोनच देतो का म्हणावं,” असं म्हणून ते छत्री उघडून निघाले. मुलगा मागून. दसऱ्याला त्यांनी काय घेतलं, मला माहीत नाही.

दिवाळीनंतर दुसऱ्या एका कंपनीकडून व्हॉट्सॲपवर फोटो आले, घरबसल्या अंदाज द्या म्हणून. गाडी आता नारिंगी. सीरियल नंबरची प्लेट तीच. मीटर 1,310 तास. मोठा करून बघितलं तर चारही भोकं वेल्डिंगनं भरून, घासून पुन्हा गोल केलेली.