मुलांच्या वह्या मध्ये ठेवा, मग बोला

शिक्षकांचा गट जमला की बोलणं हमखास अभ्यासक्रम किती उरला, परीक्षा कधी, याच वळणावर जातं. त्याला 'कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस', म्हणजे एकच काम करणाऱ्यांनी ते करता करता एकमेकांकडून शिकायचा गट, म्हणायला माझं मन धजत नाही.

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या संशोधकांनी १९९१ साली ही कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या उदाहरणांत सुईणी होत्या, पश्चिम आफ्रिकेतले शिंपी होते. त्या शिंप्यांकडचा उमेदवार आधी बटणं लावतो, दुमडी घालतो, मग शिवतो आणि कापड बेतणं शेवटी शिकतो. तयार कपडा पहिल्या दिवसापासून त्याच्या हातात असतो. शिक्षकांच्या गटात त्या कपड्याची जागा मुलांच्या वहीची. नवा शिक्षक आधी दुसऱ्यांनी आणलेल्या वह्या वाचतो, स्वतःची मागाहून मांडतो.

अशी बैठक म्हणजे सहा ते आठ जण, एक तास. वह्या आणणारा ५ मिनिटांत नेमकं काय करायला दिलं होतं ते सांगतो आणि गप्प बसतो. नावं झाकलेली. ७ मिनिटं मूक वाचन. मग १० मिनिटं फक्त 'काय दिसतं', त्यानंतर १५ मिनिटं 'असं का झालं असेल'. उरलेला वेळ वह्या आणणाऱ्याचं म्हणणं आणि पुढे काय करून बघायचं यासाठी.

समजा, एका मुलीने ०.४ पेक्षा ०.३५ मोठं लिहिलंय. 'दशांश कच्चे' हा शेरा झाला, निरीक्षण नव्हे. नीट पाहिलं तर ०.७२ आणि ०.५१ तिने बरोबर सोडवलंय. म्हणजे ती बिंदूनंतरचे अंक पूर्ण संख्या म्हणून वाचते: ३५ मोठे, ४ लहान. दोन्हीकडे अंक सारखेच असले की ही चूक दिसतच नाही. उलट, 'अंक जास्त म्हणजे संख्या लहान' असं धरून चालणारं मूल ०.४ आणि ०.३५ बरोबर सोडवतं, पण ०.७३ आणि ०.६ ला अडकतं. म्हणून पुढच्या बैठकीआधी प्रत्येकाने आपल्या वर्गात या दोन्ही जोड्या द्यायच्या आणि प्रत्येकी सहा वह्या आणायच्या. गटाचं खरं काम हे.

बिघडतं ते बहुतेक 'काय दिसतं' या १० मिनिटांत. कुणीतरी 'माझ्या वर्गात मी असं करते' म्हणतं आणि वही बाजूला पडते. तिथे बैठक चालवणाऱ्या सूत्रधाराने 'हे वहीत कुठे दिसतं?' एवढंच विचारावं. दुसरा धोका गोपनीय अहवालाचा: मूल्यमापन करणारे वरिष्ठ समोर असले की लोक फक्त नीटनेटक्या वह्या आणतात, आणि त्यांतून शिकण्यासारखं फार थोडं निघतं. बैठकींत महिन्याहून जास्त अंतर पडलं तर आधी ठरवलेलं करून बघायचं राहून जातं.

सूत्रधार दर वेळी बदला. नोंद मात्र एकाच वहीत ठेवा: कोणता प्रश्न दिला, काय दिसलं, पुढे काय करून पाहिलं.